माडावर चढणारे कामगार : कामकाज, साधने आणि सुरक्षितता

भारताच्या पश्चिम आणि पूर्व किनारपट्टीवरील लाखो कुटुंबांचा चरितार्थ नारळाच्या झाडावर अवलंबून आहे. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि भारत हे जगातील तीन प्रमुख नारळ उत्पादक देश असून भारतातील बहुतांश उत्पादन केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांतून येते. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत, तसेच संपूर्ण गोव्यात नारळाच्या बागा आहेत. मात्र झाडावर तयार झालेला नारळ जमिनीवर आणण्यासाठी आजही एका माणसाला त्या झाडावर चढावे लागते. या माणसाचे काम, त्याची साधने आणि त्याच्या जिवाची सुरक्षितता हे विषय गेल्या काही दशकांत नारळ शेतीपुढील महत्त्वाचे प्रश्न बनले आहेत.

गोव्यात नारळ पाडणाऱ्यास ‘पाडेली’ म्हणतात, तर माडाचा रस काढणारा ‘रेंदेर’ या नावाने ओळखला जातो. कोकणात रस काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. तेलंगणात ताडाचा रस काढण्याचे काम गौड समाज, तर तामिळनाडूत ताडावर चढण्याचे काम नाडार समाज पिढ्यानपिढ्या करीत आला. हे कौशल्य दीर्घकाळ वडिलांकडून मुलाकडे जात राहिले. शिक्षणाचा प्रसार झाला, शहरांत आणि आखाती देशांत रोजगार उपलब्ध झाला आणि ही साखळी क्षीण होत गेली. चढणारी माणसे वयस्क झाली व त्यांची जागा घेणारे तरुण पुरेशा संख्येने पुढे आले नाहीत. परिणामी वेळेवर काढणी न होणे, पक्व नारळ आपोआप गळून पडणे आणि झाडांची निगा न राखली जाणे असे प्रकार सर्वत्र दिसू लागले.

कामाचे मोजमाप

उंच जातीचा माड वीस मीटर किंवा त्याहूनही अधिक उंच वाढतो. कोकणातील ‘बाणवली’ ही जात याच उंच गटातील आहे. ठेंगू जातींचे माड तीन ते चार वर्षांत फळ देऊ लागतात आणि बराच काळ जमिनीवरून हाताने किंवा काठीने त्यांची काढणी करता येते. परंतु देशातील जुन्या बागा मुख्यतः उंच जातींच्या आहेत आणि त्यांचे आयुष्य साठ ते ऐंशी वर्षांचे असते.

निरोगी माडाला साधारणपणे दर महिन्याला एक नवे पान येते आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक पोय बाहेर पडते. पोय उमलल्यापासून नारळ पूर्ण पक्व होण्यास अकरा ते बारा महिने लागतात. त्यामुळे एकाच झाडावर एकाच वेळी निरनिराळ्या वयाचे घड असतात आणि सर्व नारळ एकाच वेळी काढणे शक्य नसते. सुमारे पंचेचाळीस दिवसांच्या अंतराने, म्हणजे वर्षातून आठ वेळा काढणी करण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. साडेसात मीटर अंतरावर लागवड केलेल्या एका हेक्टरमध्ये सुमारे १७५ माड बसतात. त्या हिशेबाने केवळ एका हेक्टरच्या काढणीसाठी वर्षाकाठी सुमारे १४०० वेळा झाडावर चढावे आणि उतरावे लागते.

चढणाऱ्याच्या बाजूने हाच हिशेब मांडला असता श्रमाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. झाडे पंधरा मीटर उंचीची आहेत आणि कामगाराने सकाळपासून तीस झाडे केली असे धरल्यास तो त्या दिवसात ४५० मीटर उंची चढतो आणि तेवढीच उतरतो. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. म्हणजे हे काम सहा वेळा कुतुबमिनार चढण्याहून अधिक आहे. तेही पायऱ्यांवरून नव्हे, तर उभ्या खोडावरून आणि कमरेला कोयता बांधून.

कामास पहाटे किंवा सकाळी लवकर प्रारंभ होतो, कारण ऊन वाढल्यावर खोडाला छाती लावून चढणे त्रासाचे होते. मजुरी बहुधा दर झाडामागे ठरते आणि काही ठिकाणी पैशांखेरीज काही नारळही देण्याची रीत आहे. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते आणि झाड निसरडे होते. अशा दिवसांत काम बंद ठेवावे लागते व त्या दिवसांचे उत्पन्नही बुडते. चढणाऱ्याचे उत्पन्न अशा रीतीने ऋतूवर, बागायतदाराच्या बोलावण्यावर आणि स्वतःच्या शरीराच्या क्षमतेवर अवलंबून असते.

माड इतर वृक्षांपेक्षा वेगळा का

युरोप आणि अमेरिकेत मोठ्या वृक्षांची छाटणी व उपचार करणाऱ्या व्यावसायिकांना वृक्षशल्यक म्हणतात. हे लोक उंचावरील भक्कम फांदीच्या बेचक्यातून दोर टाकतात, अंगावर पट्ट्यांचा संच चढवतात आणि दोरावर सरकणाऱ्या घर्षणगाठीच्या आधारे फांद्यांमध्ये वावरतात. यंत्रकरवत वापरताना दोर चुकून कापला जाऊ नये म्हणून पोलादी तारेचा गाभा असलेला आधारपट्टा कमरेला असतो. टोकदार खिळे लावलेले बूट केवळ तोडायच्या झाडावरच वापरावेत, जिवंत ठेवायच्या झाडावर नव्हे, असा या व्यवसायातील संकेत आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या उंचावरील कामांच्या नियमांनुसार काम सुरू होण्यापूर्वीच संकटात सापडलेल्या माणसाला खाली कसे आणायचे याची योजना तयार असावी लागते. त्यासाठी जमिनीवर प्रशिक्षित सहकारी ठेवला जातो.

ही पद्धत माडावर जशीच्या तशी लागू करता येत नाही. माडाला फांद्या नसतात. त्यामुळे खालून दोर टाकून अडकवता येईल असे बेचके मिळत नाही. शेंड्यावर जे काही असते ती पानेच असतात आणि त्यांतील जुनी झावळी हात लावताच निसटून येऊ शकते. आधार असा केवळ एका खोडाचा असतो. म्हणून माडावरील सर्व साधने, ती जुनी असोत वा नवी, एकाच तत्त्वावर चालतात : खोडाभोवती फास टाकायचा आणि शरीराच्या वजनाने तो घट्ट करायचा.

दुसरा भेद झाडाच्या रचनेत आहे. आंबा, वड किंवा चिंच यांच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो व तो जखमेच्या कडांवर नवी ऊती तयार करून जखम हळूहळू झाकतो. माड हा एकदल वर्गातील असल्याने त्याच्या खोडात असा थर नसतो. खोडाला पडलेली खाच भरून येत नाही. ती झाडाच्या अखेरपर्यंत तशीच राहते. माडाला वाढीचा कोंबही एकच असतो. शेंड्यातील हा कोंब दुखावला अथवा कुजला तर झाड मरते. त्यामुळे माडावर चढणाऱ्याच्या हातून झालेली चूक झाडाला आयुष्यभर भोवते.

पारंपरिक साधने

चढण्याची सर्वांत जुनी पद्धत केवळ हातापायांची आहे. दोन्ही पावलांभोवती दोरीचा छोटा फास अडकवतात. या फासामुळे पावले एकमेकांपासून दूर जात नाहीत आणि खोडाला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. हातांनी खोडाला मिठी मारून शरीर वर ओढायचे, पाय वर घ्यायचे, फासाचा जोर खोडावर द्यायचा आणि पुन्हा हात वर न्यायचे, असा हा क्रम असतो. केरळमध्ये या फासाला ‘तळप्पु’ म्हणतात. तेलंगणातील ताडावर चढणारे कामगार कमरेभोवती आणि झाडाभोवती ‘मोकू’ नावाचा जाड दोर बांधतात. त्यामुळे मागे रेलून हात मोकळे ठेवता येतात.

ही साधने हलकी आणि स्वस्त आहेत, शिवाय कामगाराला ती स्वतः तयार करता येतात. परंतु पायातील फास शरीराला खाली पडण्यापासून वाचवत नाही. हाताची पकड सुटली तर दुसरा कोणताही आधार उरत नाही.

काही भागांत खोडावर ठरावीक अंतराने खाचा पाडून त्यांचा पायरीसारखा उपयोग केला जातो. चढणाऱ्याचे श्रम त्यामुळे कमी होतात. परंतु वर सांगितल्याप्रमाणे ही जखम भरून येत नाही. खाचेत पाणी साचते, बुरशीजन्य रोगांना वाट मिळते आणि लाल सोंड्या भुंगा खोडावरील जखमांतून आत शिरतो. म्हणूनच खोडावर खाचा पाडू नयेत, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. एका काढणीची सोय पाहून केलेली ही खाच झाडाच्या पुढील अनेक दशकांचे आयुष्य धोक्यात आणू शकते.

चढणाऱ्याचे दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे कोयता. तो कमरेच्या मागे आकडीत अडकवलेला असतो, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. कोयत्याची धार आणि आकडीची जागा या दोन्ही गोष्टींवर चढणाऱ्याचे बारीक लक्ष असते. कारण बोथट कोयत्याने दोन वार जास्त करावे लागतात आणि प्रत्येक वार एका हाताने तोल सांभाळून करायचा असतो.

चढण्याचे यंत्र

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील शेतकरी एम. जे. जोसेफ ऊर्फ अप्पच्चन यांनी माडावर चढण्याचे एक साधे यंत्र तयार केले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या शोधाची दखल घेतली आणि पुढे ‘चेंबेरी’ नमुना या नावाने ते देशभर पोहोचले. या यंत्रात विजेचा अथवा इंजिनाचा वापर नाही. त्याचे डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भागात लोखंडी सांगाडा, खोडाभोवती गुंडाळायचा पोलादी तारेचा दोर, खोडाला टेकणारी रबरी गादी, पाय ठेवण्याची जागा आणि हातात धरायची मूठ असते.

चढणारा एका भागावर उभा राहिला की त्याच्या वजनाने सांगाडा किंचित कलतो, तारेचा फास ताणला जातो आणि रबरी गादी खोडाला घट्ट धरते. पाय उचलताच वजन कमी होऊन फास सैल पडतो आणि तो भाग हाताने वर सरकवता येतो. डावे पाऊल, मग उजवे पाऊल, अशा रीतीने जिना चढल्याप्रमाणे माणूस वर जातो. खोड वर निमुळते होत जाते, म्हणून चढण्यापूर्वी तारेची लांबी झाडाच्या जाडीप्रमाणे जुळवून घ्यावी लागते. या यंत्रामुळे खोडाला जखम होत नाही, छाती व मांड्या घासल्या जात नाहीत आणि पूर्वी कधीही झाडावर न चढलेली व्यक्तीही थोड्या सरावाने चढू शकते.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात वरचा आणि खालचा असे दोन सांगाडे असतात. वरच्या सांगाड्यावर बसून पायांनी खालचा सांगाडा वर ओढायचा, मग खालच्यावर उभे राहून वरचा सांगाडा सरकवायचा, अशी त्याची रीत आहे. बसण्याची सोय असल्याने नवख्या व्यक्तीला हे यंत्र अधिक सुरक्षित वाटते. मात्र त्याचा वेग कमी असतो.

यंत्रालाही मर्यादा आहेत. प्रत्येक झाडाशी ते बसवावे आणि काढावे लागते, बागेतून वाहून न्यावे लागते आणि वाकड्या किंवा फुगीर खोडावर ते नीट बसत नाही. यंत्रामुळे चढणे सोपे झाले तरी शेंड्याजवळ पोहोचल्यावर माणूस पायांतील यंत्रावर उभा असतो व दोन्ही हातांनी काम करीत असतो. तोल जाण्याची शक्यता याच क्षणी सर्वाधिक असते. त्यामुळे यंत्रासोबत सुरक्षा पट्टा अथवा खोडाभोवती जाणारा स्वतंत्र दोर वापरणे अत्यावश्यक मानले जाते. कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने चेंबेरी नमुन्यासाठी सुरक्षा जोडणीही विकसित केली आहे. या संस्थेची मुळे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या नारळ संशोधन केंद्रात आहेत.

शेंड्यावरील काम

चढणारा केवळ नारळ तोडून खाली येतो, हा समज अपुरा आहे. कोणता घड तयार आहे हे त्याला पाहून आणि नारळावर टिचकी मारून ठरवावे लागते. खोबऱ्यासाठी पूर्ण पक्व नारळ हवा असतो, तर शहाळ्यासाठी सहा ते सात महिन्यांचा घड काढतात. पक्व नारळ वरून टाकला तरी सोडणामुळे सहसा फुटत नाही. शहाळी मात्र फुटतात, म्हणून त्यांचा घड दोरीला बांधून हळूहळू खाली सोडावा लागतो.

नारळ काढून झाल्यावर वाळलेल्या झावळ्या, जुन्या पोयींचे अवशेष आणि जाळीसारखे वेष्टन काढून शेंडा स्वच्छ केला जातो. गेंड्या भुंगा कोवळ्या पानांच्या गाभ्यात शिरतो आणि पुढे उमलणाऱ्या पानांवर त्रिकोणी काप दिसतात. असा भुंगा तारेच्या आकडीने बाहेर ओढून काढावा लागतो. प्रतिबंधक उपाय म्हणून वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि बारीक वाळू समप्रमाणात मिसळून, प्रत्येकी २५० ग्रॅम या मात्रेने भरण्याची शिफारस आहे. कोंब कुजणे या रोगात आरंभीच कुजका भाग काढून तेथे बोर्डो मलम लावल्यास झाड वाचू शकते. जमिनीवरून यांतील बहुतेक लक्षणे दिसत नाहीत. वीस मीटर उंचीवर पोहोचणारा माणूस हाच बागेचा पहिला रोगनिरीक्षक असतो. तो दोन-तीन महिने फिरकला नाही, तर बागायतदाराला आजाराची जाणीव बहुधा मधले पान कोलमडल्यावरच होते.

संकरित रोपांची निर्मितीही चढणाऱ्यावर अवलंबून आहे. जगातील पहिला नारळ संकर १९३२ मध्ये केरळमधील निलेश्वर येथे डॉ. जे. एस. पटेल यांनी घडवून आणला. संकरासाठी मातृवृक्षाच्या पोयीतील नरफुले काढून टाकणे आणि निवडलेल्या झाडाचा पराग मादीफुलांवर सोडणे ही कामे झाडावर चढूनच करावी लागतात व एकाच पोयीसाठी अनेकदा वर जावे लागते. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तयार होणाऱ्या संकरित रोपामागे अशा कुशल चढणाऱ्यांचे श्रम असतात.

रस काढणाऱ्यांचे वेगळे जीवन

माडी किंवा नीरा काढणाऱ्याची दिनचर्या नारळ पाडणाऱ्यापेक्षा अधिक कठोर आहे. नारळ पाडणारा एका झाडावर दीड महिन्याने जातो, तर रस काढणाऱ्याला तेच झाड रोज सकाळी आणि संध्याकाळी गाठावे लागते. न उमललेली पोय बांधून तिला हलके ठोके दिले जातात आणि नंतर तिच्या टोकाची पातळ चकती रोज कापून रस वाहता ठेवला जातो. एक दिवस खाडा झाला तरी पोय सुकण्याची भीती असते. त्यामुळे सणासुदीला किंवा आजारपणातही या कामातून सुटका नसते. गोव्यातील रेंदेराची काती आणि कमरेला लटकणारा दुदिणे नावाचा भोपळा ही या व्यवसायाची ओळख होती.

रस झाडावरून उतरताच आंबू लागतो. नीरेसाठी तो ताजा आणि गोड राहणे आवश्यक असते. केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने यासाठी बर्फाचा वापर करणारे शीतपात्र विकसित केले असून त्यातून मिळणारा न आंबलेला रस ‘कल्परस’ या नावाने ओळखला जातो. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रस काढणारे कामगार एका माडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्याकडे बांधलेल्या काथ्याच्या दोरांवरून चालत जातात. प्रत्येक झाड उतरून पुन्हा चढण्याचे श्रम त्यातून वाचतात, परंतु जमिनीपासून तितक्याच उंचीवर वावरण्याचा वेळ वाढतो.

अपघात आणि आजार

माडावरून पडणे हा या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका आहे. एवढ्या उंचीवरून पडलेल्या माणसाचा जीव वाचला तरी पाठीच्या कण्याला, कमरेला किंवा हातापायांना होणाऱ्या इजा बहुधा कायमचे अपंगत्व आणतात. मज्जारज्जूला दुखापत झाल्यास कमरेखालील शरीर लुळे पडते आणि घरातील मिळवता हात एका क्षणात परावलंबी होतो. अशा अपघातात जखमीला उचलून बसवणे किंवा दुचाकीवरून नेणे धोक्याचे असते. त्याची मान आणि पाठ न हलवता, सपाट फळीवर आडवे ठेवून रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

पडण्याखेरीज इतर धोकेही आहेत. शेंड्यात गांधीलमाशांची पोळी, लाल मुंग्या आणि कधी सापही असतात. उंचावर दंश झाल्यास मागे सरकायलाही जागा नसते. बागेजवळून जाणाऱ्या वीजवाहिन्यांना ओली झावळी किंवा लोखंडी आकडीची काठी लागून विजेचा धक्का बसतो. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वीज कोसळण्याचा धोका असतो. परिसरातील सर्वांत उंच वस्तू बहुधा माडच असतो. वर्षानुवर्षे चढणाऱ्यांच्या तळपायांवर, घोट्यांवर आणि छातीवर घट्टे पडतात व खांदे, गुडघे आणि कंबर यांचे दुखणे कायमचे जडते.

सुरक्षा पट्टा वापरताना आणखी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. पट्ट्यामुळे पडणे थांबले, तरी लटकत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचू लागते व तो थोड्याच वेळात बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून एकट्याने काम करू नये आणि खाली असलेल्या सहकाऱ्यालाही चढता येत असावे, हा नियम वृक्षशल्यकांइतकाच माडावर चढणाऱ्यांनाही लागू पडतो. प्रत्यक्षात मात्र चढणारा अनेकदा एकटाच असतो आणि खाली केवळ नारळ गोळा करणारी व्यक्ती असते.

प्रशिक्षण आणि संरक्षण

केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीतील नारळ विकास मंडळाची स्थापना १२ जानेवारी १९८१ रोजी झाली असून त्याचे मुख्यालय कोची येथे आहे. चढणाऱ्यांची टंचाई दूर करण्यासाठी मंडळाने २०११ मध्ये ‘नारळवृक्षाचे मित्र’ या आशयाचे नाव असलेला प्रशिक्षण कार्यक्रम केरळमध्ये सुरू केला आणि नंतर तो इतर राज्यांत नेला. सहा दिवसांच्या या निवासी प्रशिक्षणात यंत्राच्या साहाय्याने चढणे, काढणी, शेंड्याची सफाई, रोग आणि किडींची ओळख व प्रथमोपचार शिकवले जातात आणि प्रशिक्षणार्थींना चढण्याचे यंत्र देण्यात येते. हजारो तरुणांनी या कार्यक्रमाचा लाभ घेतला आहे. बागायतदार आणि चढणारे यांची गाठ घालून देण्यासाठी मंडळाने ‘हॅलो नारियल’ ही दूरध्वनी सेवाही सुरू केली.

या कार्यक्रमाचा एक लक्षणीय परिणाम म्हणजे महिलांचा सहभाग. परंपरेने हे काम पुरुषांचे आणि विशिष्ट समाजांचे मानले जात असे. यंत्र आल्यानंतर केरळमधील अनेक महिलांनी प्रशिक्षण घेऊन या व्यवसायात प्रवेश केला. चढण्यासाठी पिढीजात सरावाऐवजी योग्य साधन आणि पद्धतशीर शिक्षण पुरेसे ठरते, हे त्यातून सिद्ध झाले आणि या कामाला चिकटलेला कमीपणाचा शिक्काही काही प्रमाणात पुसला गेला.

चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे. केरळमध्ये माडी कामगारांसाठी १९६९ चा कल्याण निधी कायदा आहे. घरोघरी जाऊन नारळ पाडणाऱ्याची स्थिती मात्र वेगळी असते. तो एका दिवसात चार मालकांच्या बागेत काम करतो आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर असे कामगार नाव नोंदवू शकतात.

तेलंगण सरकारने जुलै २०२४ मध्ये ताडावर चढणाऱ्यांसाठी ‘काटमय्या रक्षण कवचम’ या नावाने सुरक्षा संच वाटपास प्रारंभ केला. गौड समाजात काटमय्या हे कुलदैवत मानले जाते. पारंपरिक मोकूऐवजी घसरल्यावर माणसाला अडवून धरणारा दोर आणि पट्टे या संचात आहेत. जुन्या सवयीच्या कामगाराला नवीन साधन अडचणीचे वाटते, म्हणून साधनासोबत प्रशिक्षणाची जोड आवश्यक असल्याचे सर्वत्र दिसून आले आहे.

शहरांतील माड

माड हा केवळ शेतीचा विषय राहिलेला नाही. मुंबईसारख्या शहरात इमारतींच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला आणि जुन्या वाड्यांत असंख्य माड आहेत. २०१७ च्या जुलै महिन्यात चेंबूर येथे माड कोसळून रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला आणि शहरातील झाडांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. सुकलेल्या झावळ्या आणि पक्व नारळ अंगावर अथवा वाहनांवर पडण्याची भीती तर नेहमीचीच असते.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडे तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. सुकलेल्या झावळ्या आणि नारळ पावसाळ्यापूर्वी काढून घेणे ही मात्र साधी निगा आहे. गृहनिर्माण संस्थांनी हे काम देताना केवळ कमी दर न पाहता चढणाऱ्याकडे सुरक्षा पट्टा आहे काय, त्याच्यासोबत दुसरा जाणकार आहे काय, त्याचा विमा आहे काय आणि झाडाखालची जागा दोरी लावून मोकळी केली आहे काय, या चार गोष्टींची खातरजमा करणे आवश्यक आहे. खोडाला भोक, तपकिरी स्राव किंवा बुंध्याजवळ बुरशीची छत्री दिसत असल्यास त्या झाडावर कोणालाही चढवू नये. आतून पोखरलेले खोड चढणाऱ्याच्या वजनाने मोडू शकते.

पुढील वाटचाल

माणसाऐवजी यंत्रमानव चढवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. अमृता विश्व विद्यापीठातील संशोधकांनी ‘अमरन’ नावाचा, खोडाभोवती कड्यासारखा बसणारा आणि यांत्रिक हाताने घड कापणारा यंत्रमानव विकसित केला आहे. ठेंगू आणि संकरित जातींची लागवड वाढवणे हा दुसरा मार्ग आहे. परंतु आज उभ्या असलेल्या उंच माडांचे आयुष्य अजून कित्येक वर्षांचे आहे. शिवाय घडाची पक्वता ओळखणे, गाभ्यातील भुंगा शोधणे आणि कुजू लागलेला कोंब वेळीच हेरणे, ही कामे अनुभवी नजरेची आहेत.

त्यामुळे येत्या काळातही माडावर माणूस चढणारच आहे. त्याच्या कमरेला भक्कम पट्टा, खोडाभोवती दुसरा दोर, खाली प्रशिक्षित सहकारी आणि घरी विम्याचे कागद असणे, हे बागायतदार, ग्राहक आणि शासन या तिघांच्याही हाती आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला अर्पण होणारे श्रीफळ असो वा रोजच्या जेवणातील खोबरे असो, ते झाडावरून उतरवणारा माणूस सुखरूप खाली येणे ही या व्यवसायाची पहिली गरज आहे.